वाघीण समोर आली की गाडी बंद

७ जुलै, सोमवार. सकाळी ६.
नवी वही काढली. आजपासून चंद्रपूरला कॉलेज. मोटार मेकॅनिक, तीन महिन्यांचा कोर्स. वय त्रेचाळीस. लाज कशाची?

कारण एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. एकोणीस वर्षं मोहर्ली गेटवर सफारीची जिप्सी चालवतोय. १८ मेला वाघीण रस्त्याने सरळ आमच्याकडे चालत आली. अशा वेळी ड्रायव्हरने हळूहळू रिव्हर्स घेत अंतर ठेवायचं असतं. मी रिव्हर्स टाकला. गाडीने हिसका दिला आणि बंद. चावी फिरवली, हिसका. परत फिरवली, परत हिसका. वाघीण बॉनेटला घासून माझ्या बाजूने गेली, मागच्या स्टेपनीचा वास घेतला आणि झाडीत शिरली. पाहुणे खूश. शेजारी गाइड करिष्मा बसली होती. मी पूर्ण शांत होतो. मुद्दा एवढाच की गाडीत दोष आहे.

मालक नूर मोहम्मदभाऊ म्हणाले, दोन गॅरेजवाल्यायनं पाह्यली, काईच नाई निघालं. तूच म्हणतो ना दोष आहे, तं तूच शिकून ये अन् तूच काढ. पावसाळ्याची बंदी सरून एक ऑक्टोबरले गेट उघडन. तोवर सापडला तं स्टेअरिंग तुझं. नाई तं मले दुसरा ड्रायव्हर पाहा लागन.

संकल्प: दोष सापडेपर्यंत चहा बंद.

संध्याकाळी ५.
वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. मला काका म्हणतात. चहा सुरू केला, पोरांशी ओळख व्हायला हवी.

८ जुलै, मंगळवार.
शिकवणारे पियुष सर. वय सव्वीस. मिशी नीट आलेली नाही, पण समजावतात बरं. आज जॉब कार्ड शिकवलं. गाडी कोणतीही असो, आधी तीन ओळी लिहायच्या: तक्रार, कारण, उपाय. माझं पहिलं कार्ड इथे उतरवतो.

तक्रार: वाघीण समोर आली की गाडी बंद.
कारण: कार्बोरेटरमध्ये कचरा.
उपाय: कार्बोरेटर साफ करणे.

सर म्हणाले, वारलूभाऊ, तुमच्या जिप्सीले कार्बोरेटर नाईच, इंजेक्टर आहे. पोरं हसली. हसोत. आत काय आहे ते माहीत नसताना एकोणीस वर्षं चालवली, यावरून हात कसा असेल ते कळतं.

मग सरांनी विचारलं, त्या वेळी क्लच दाबून होता का? हा काय प्रश्न झाला? क्लचवरून पाय काढला की गिअरमधली गाडी हिसका देऊन बंद पडते, हे माझ्या बायकोलाही माहीत आहे.

११ जुलै, शुक्रवार.
प्रॅक्टिकल. जॅक लावून गाडी उचलली, खाली सरपटत जायचं होतं. कोपऱ्यातून उंदीर पळाला. बहुतेक उंदीरच. पुढचं नीट आठवत नाही, पण मी वर्कबेंचवर उभा होतो. पोरांना सांगितलं की वरून इंजिन चांगलं दिसतं. दोघं खरंच वर येऊन उभे राहिले.

गाडीखाली गेलो नाही. सोमवारी जाईन.

१७ जुलै, गुरुवार.
बाइकने कॉलेजला जाणं बंद केलं. तिचा आवाज बरोबर येत नाही, आणि मोहर्लीचा रस्ता जंगलातून, उगाच रिस्क कशाला? ही भीती नव्हे, मेकॅनिकची सावधगिरी. आता एसटीने जातो. मधली सीट. खिडकीपासून लांब, कारण हवा लागते.

आज पद्मापूरच्या पुढे ड्रायव्हरने बस थांबवली. रस्त्यात रानगवा. सगळी बस बघायला उठली. शेजारी गावातल्या आशाबाई होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, काऊन जी, पायात गोळा आला का? पाहतो तर दोन्ही पाय सीटवर, मांडी घालून, चपला हातात. हो म्हणालो, गोळाच आला. त्यांनी उतरेपर्यंत पोटरी चोळत राहायला सांगितलं.

पायाला रक्त कमी पोचतंय. केळी खाणे.

कार्ड दुसरं. कारण: फ्युएल पंप. उपाय: पंप बदलणे.
नूरभाऊंनी जिप्सी कॉलेजात पाठवली, सरांनी तिच्यावर पंप तपासायला शिकवलं. मी तपासला. उत्तम आहे. इतका उत्तम पंप असणं मला संशयास्पद वाटतं.

२ ऑगस्ट, शनिवार.
अभ्यास वाढला म्हणून चंद्रपुरात बहिणीकडे राहायला आलो. दुसरा मजला. अभ्यासाला दुसरा मजला चांगला.

गावाहून बायकोचा, कमळाचा फोन. म्हणाली, इथी धानाचा रोवणा चालू आहे, बाया मिळून नाई राह्यल्या अन् तुम्ही तिथी पुस्तक घेऊन बसले. मग सहज बोलल्यासारखं सांगितलं की परवा बांधाच्या पलीकडे वाघानं गोऱ्हा नेला. मी म्हटलं, शेतात जाऊ नको. ती म्हणाली, तं धान कोण रोवन, तुमचं इंजेक्टर? आम्ही आठजणी जातो, एक जण डबा वाजवत राह्यते.

फोन ठेवल्यावर दाराला दोन्ही कड्या लावल्या. बहिणीच्या घरी वारा फार येतो.

६ ऑगस्ट, बुधवार.
बसस्टँडवर करिष्मा भेटली. गाडी चालवायचं लायसन मिळालं म्हणाली. हसू आलं, पण अभिनंदन केलं. तिने विचारलं, भाऊ, दोष सापडला का? म्हटलं, सापडतोय. ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. नवे बूट आहेत, म्हणून असेल.

मेमध्ये ती माझ्या शेजारीच बसलेली होती. तिने काही बघितलं असेल तर सांगितलं असतंच. नाही सांगितलं, म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतंच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
गावी आलो. बैल सजवले. नूरभाऊंची जिप्सी आमच्या अंगणात आणून चाचणी घेतली. आधी चाळीस मिनिटं नुसतं इंजिन चालू. ठणठणीत.

मग खरी परिस्थिती तयार केली. कमळाला सांगितलं, तू वाघीण. तिकडून ये, हळूहळू, माझ्याकडे बघत. ती म्हणाली, पुरणाचं उतू जाऊन राह्यलं अन् मी वाघीण होऊ? पण आली. हातात झारा घेऊन आली. मी रिव्हर्स टाकला, गाडी अगदी गुळगुळीत मागे गेली आणि बैलांच्या गोठ्याला लागली. बंद पडली नाही. थोडा घाबरलो, पण ते झाऱ्यामुळे.

निष्कर्ष: दोष फक्त जंगलात होतो. म्हणजे दमट हवा. म्हणजे वायरिंग.

कार्ड तिसरं. कारण: अर्थिंगची तार सैल. उपाय: नवीन तार, दोन नट, वरून टेप.

९ सप्टेंबर, मंगळवार.
बावीस दिवस राहिले. मोजत नव्हतो, कॅलेंडर समोरच आहे.

आज गाडीखाली गेलो. जुलैचा सोमवार आज उगवला म्हणा. डोळे मिटून गेलो, मग उघडले. खाली गेल्यावर मात्र मजा वाटली. सायलेन्सर, गिअरबॉक्स, सगळं आपापल्या जागी, कुणी चालून येत नाही. तासभर बाहेर आलो नाही. सर म्हणाले, वारलूभाऊ, जेवाची सुट्टी संपली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
परीक्षा. सरांनी मुद्दाम बिघडवलेलं इंजिन दिलं. बाकीची पोरं बॅटरीकडे धावली. मी आधी ऐकलं. मग हात लावला. सात मिनिटांत सांगितलं, तिसऱ्या प्लगची वायर आतून तुटली आहे. बरोबर. वर्गात पहिला आलो. हे खोटं नाही, कागद आहे.

नंतर सरांनी बाजूला बोलावलं. म्हणाले, तुमचा हात लय चांगला आहे भाऊ. इंजिन तुमच्याशी बोलते. पण त्या जिप्सीत दोष नाई. मी सगळी पाह्यली. मग थांबून म्हणाले, जंगलात जाण्याआधी एकदा माझ्याशी बोला, गाडीचं नाई, दुसरंच. मी म्हटलं, सर, गाडी सोडून दुसरं काय आहे?

तरी जाता जाता कॉलेजात उभ्या जिप्सीत पंपाला करंट देणारा रिले नवा टाकला. आता दोष राहायला जागाच नाही.

कार्ड चौथं. कारण: रिले. उपाय: झाला.
नूरभाऊंना फोन करून सांगितलं, सापडला. ते म्हणाले, अल्ला का शुक्र. मले खरंच दुसरा ड्रायव्हर पाहाचा नव्हता रे.

३० सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३.
जेवण गेलं नाही. अष्टमी आहे, उपास समजावा.
पाणीही जात नाही. कडक उपास.
उद्या पहाटे गेट उघडणार. गाडी धुतली, टायरची हवा बघितली, रिले तीनदा काढून तीनदा लावला. कमळा म्हणाली, तुम्ही आजारी आहा का? नाही म्हटलं. ती म्हणाली, तं सोबत येऊ का उद्या? मला एकदम रडू आलं. रिलेचा वास डोळ्यात जातो.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ११.
पहिल्या फेरीला सहाजण, नागपूरचे. शेजारी करिष्मा. पहिला तास उत्तम. गाडीचा आवाज ऐकून माझाच ऊर भरून आला.

मग वळणावर झाडी हलली. मी रिव्हर्स टाकला. हिसका. बंद.

वाघीण नव्हती. रानडुकरीण होती. मागे पाच पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची. आमच्याकडे बघितलंही नाही तिने. रस्ता ओलांडत होती.

चावी फिरवली, हिसका. नवा रिले कसा काय गेला, म्हणून डॅशबोर्डखाली वाकून बघितलं. तिथे क्लच होता, ब्रेक होता, ॲक्सिलेटर होता. तिन्ही रिकामे. कुणाचाच पाय नव्हता.

माझे पाय शोधले. सीटवर होते. मांडी घातलेली. घरात साप निघाला की खाटेवर घेतो तसे वर घेतलेले. बूट हातात नव्हते एवढाच काय तो बसपेक्षा फरक.

करिष्मा माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, भाऊ, पाय खाली घ्या. कोणाले दिसलं नाई. मी विचारलं, मेमध्ये? ती म्हणाली, हो, तेव्हापण असेच होते.

पाय खाली घेतले. एकेक करून. क्लच दाबला. पहिल्या चावीला चालू झाली. गाडी फार चांगली आहे.

बाकीची फेरी पूर्ण केली. वाघ दिसला नाही. पाहुणे नाराज. मी देवाचे आभार मानले आणि तसं करताना पकडलो गेलो, कारण मोठ्याने मानले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
सकाळी जिप्सीची पूजा. झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू, पान्यांनाही कुंकू. नूरभाऊ आले होते, करिष्मा होती, कमळा होती. नूरभाऊंनी विचारलं, काल पहिली फेरी कशी झाली? रिले बराबर?

हो म्हणता आलं असतं. करिष्माही काही बोलली नसती. पण पूजेतलं निरांजन अजून जळत होतं, आणि खिशात कार्ड होतं. रात्रभर खिशात होतं. काढून दिलं. इथेही उतरवतो, वही पूर्ण असावी म्हणून.

तक्रार: काहीही समोर आलं की गाडी बंद.
कारण: चालकाचे दोन्ही पाय सीटवर. चालकाला भीती वाटते. १८ मेपासून रोज वाटते. बसमध्ये वाटते, बहिणीच्या दुसऱ्या मजल्यावर वाटते, दुपारी जेवताना वाटते. वाघिणीचा श्वास त्याच्या कोपराला लागला होता, तो अजून गेलेला नाही.
उपाय:

उपाय रिकामा होता. तो शिकवला नव्हता, किंवा त्या दिवशी मी सरांशी बोललो नाही.

नूरभाऊंनी दोनदा वाचलं. कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं, सोपं गेलं असतं. ते करिष्माला म्हणाले, तुले मालूम होतं तं तू काऊन नाई सांगितलं? ती म्हणाली, भाऊनं एकोणीस वर्षं लोकायले वाघ दाखवला, मी त्यायची भीती दाखवत फिरू का?

नूरभाऊंनी चावी काढली आणि करिष्माला दिली. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं. तरी चावी तिच्या हातात पडताना मी गाडीचा हार सरळ करत बसलो, तो सरळच होता.

मग ते म्हणाले, कागदावर तं पहिला आला ना तू? ही अन् माझी दुसरी, दोन्ही गाड्या आत जायच्या आधी तूच पाह्यजो, गेटवर. तू पास केल्याबिगर माझी गाडी जंगलात नाई जाणार. कमळा म्हणाली, संध्याकाळी घरी तं याल ना? हो म्हटलं. आज बाइकने येईन, असं म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

उद्यापासून काम गेटच्या बाहेर. पाने, जॅक, कार्डाचं पुस्तक, सगळं तिथेच ठेवायचं. नूरभाऊंनी विचारलं, अजून काई पाह्यजे? एक स्टूल हवं म्हटलं, जरा उंच.
किती उंच, एवढंच त्यांनी विचारलं.