आतून दाबलेलं बटण

५ जानेवारी
रुजू झाले. बारामती एमआयडीसीत, शेळगावच्या घरापासून तासाभरावर नोकरी मिळाली म्हणून आई दिवसभर फोनवर सगळ्यांना सांगत होती. कंपनी लहान आहे. दूध प्लांटमधल्या शीतगृहांची दारं, तापमान, धोक्याचे भोंगे सांभाळणारा कोड आम्ही लिहितो. मालक राजवर्धन सरांनी स्वतः चहा आणून दिला. शेजारच्या टेबलावर सोनम आहे, कन्हेरीची. डबा वाटून खाल्ला. खूप बरं वाटलं.

८ जानेवारी
माझं काम आवडलं. कुणीही कोडमध्ये बदल केला, की पाइपलाइन, म्हणजे तपासण्यांची संगणकीय साखळी, तो आपोआप तपासते आणि मागच्या शेडमधल्या चाचणीच्या शीतखोलीवर चढवून बघते. खरी खोली, खरं जाड दार. आतल्या सुटकेच्या बटणावर एक यांत्रिक बोट बसवलंय. ते एकदा दाबतं, दार उघडतं. दर बदलामागे दोन मोजमापं नोंदवायची मी ठरवली : दार उघडायला किती वेळ लागला, आणि बटण किती वेळा दाबलं गेलं. पहिला आलेख सरांना दाखवला. खूश झाले.

१३ जानेवारी
दाबण्याचा आकडा चुकतोय. बोट एकदाच दाबतं, नोंद येते चारची. पुढच्या बदलाला नऊ. तो बदल तर फक्त स्क्रीनवरच्या अक्षरांच्या रंगाचा होता. वायर बदलली, माझा कोड पुन्हा पुन्हा वाचला. सोनमला विचारलं तर तिनं मान वर न करता सांगितलं, की ते मोजमाप काढून टाक, तुझ्या आधीच्या मुलानंही काढलं होतं.

१६ जानेवारी
आज बोटाची वायर उपटून ठेवली. तरी नोंद आली. एकतीस.
सोनमला शेडमागे गाठलं, तेव्हा ती बोलली. गेल्या वर्षी इंदापूरकडच्या एका प्लांटला घाईनं नवा बदल पाठवायचा होता. चाचणीत दार अडकत होतं, पाइपलाइन लाल दाखवत होती. सरांनी ती तपासणीच बंद केली आणि बदल पाठवला. पुढच्याच आठवड्यात साफसफाईला आत गेलेला म्हस्कू नावाचा माणूस आतच राहिला. घरच्यांना सांगितलं, चक्कर येऊन जागीच गेला. त्या खोलीतलं बटण नंतर काढून आपल्याच शेडमध्ये बसवलं.
मला रडू आलं नाही. राग आला.

१९ जानेवारी
सरांसमोर उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, सेन्सर सडलाय, आणि म्हस्कूचं हृदय कमजोर होतं. शुक्रवारी नवा बदल तीन प्लांटना जातोय. चाचणीत दार अडकतंय हे दाखवलं, तर माझ्यासमोरच तपासणी बंद केली. पुन्हा. तसंच. माझं मोजमापही पुसलं.
“मेलेल्याचा आलेख काढायला पगार देत न्हाय मी,” म्हणाले.
चहा आणून देणारा हाच माणूस.

२१ जानेवारी
पुसलेलं मोजमाप परत आलंय. कुणी घातलं? बदलांच्या इतिहासात कुणाचंच नाव नाही. आकडा वाढतोय, आणि आता बदल न करताही—
सोनम रजेवर गेली.
म्हस्कूच्या बायकोचा नंबर काढला. साखरबाई. फोन केला. येते म्हणाल्या.

२३ जानेवारी, सकाळ
मागच्या शेडमध्ये, शीतखोलीच्या दारासमोर लॅपटॉप घेऊन बसलेय; साखरबाई माझ्या शेजारी. मी सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.
“म्हंजी लगीच न्हाय गेले. दार वाजवत हुते,” म्हणाल्या.
सर आले. साखरबाईंना बघून चिडले. म्हणाले, हे भुताटकीचं नाटक आत्ता संपवतो, मी आत जातो, तू नवा बदल चढव आणि बघ.
मी चढवला.

दहा मिनिटांनी
दार उघडत नाही. बाहेरची कडीही हलत नाही. वॉचमन पहार आणायला पळाला.
आकडा पळतोय. सर दाबतायत.
जुना कोड परत चढवला तर दार सुटेल. एक कळ दाबायची. हात कीबोर्डवर आहे. मी तो हलवत नाहीये. त्यालाही कळू दे— कळू दे की—
साखरबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
“पोरी, उघड. त्याच्याबी घरी कुणी वाट बघत आसंल.”

चढवलाय. पाइपलाइन चालू आहे. हिरवं. हिरवं.
दार सुटलं.
माझ्या जागेवरून दिसतंय. सर पार पलीकडच्या कोपऱ्यात. भिंतीला चिकटून, तोंड झाकून. बटणापासून लांब. हलतायत, जिवंत आहेत—
आकडा अजून वाढतोय.
मग बटणाशी कोण—

साखरबाई उठल्या. पदर सावरला. आत कुणाला तरी म्हणतायत, “आवं, आले, आले की.”
मी ओरडतेय. त्या थांबत नाहीत, उंबरा ओलांडून आत गेल्या. दार पुन्हा हळूहळू—