कोंबडा नाहीसा झाल्यावर म्हणायचं वाक्य

२३ मार्च, रविवार

यात्रा कमिटीने हो म्हटलं. वीस एप्रिलला संध्याकाळी, लोकनाट्याच्या आधी अर्धा तास माझा. पत्रिकेत 'प्रोफेसर भगवंत, जादूगार' असं छापणार. माझ्या पिठाच्या गिरणीचा उल्लेख नको असं बजावून आलो. नाहीतर लोक स्टेजपाशी येऊन दळण कधी मिळेल विचारतात.

मागच्या वर्षीच्या अपयशाचा शांतपणे विचार केला. मुळात अपयश हा शब्दच चूक आहे. दोरी कापली ती परत जुळली नाही, हे मान्य. पण तो किरकोळ भाग. खरी गडबड अशी की कार्यक्रम संपला हे लोकांना कळलंच नाही. मी दोन हातांत दोन तुकडे घेऊन उभा, समोर अख्खं डिंगोरे गाव बसलेलं, आणि कोणी टाळी वाजवेना. शेवटी पप्पू साउंडवाल्याने आपल्या मनाने गाणं लावलं. थोडक्यात, माझ्याकडे शेवटचं वाक्य नव्हतं. बाकी सगळं होतं.

निर्णय: यंदा आधी वाक्य, मग जादू.

प्रयोग ठरलेला आहे. जिवंत कोंबडा पेटीत घालून नाहीसा करायचा आणि परत आणायचा. कोंबडा बायकोचाच, मंगलचा, तुऱ्या. पेटी सागवानी, खाली चोरकप्पा. मंगल म्हणते, एवढं चांगलं लाकूड, खुराडं लई ब्येस व्हईल. यात्रेपर्यंत कळ काढते, पण यंदा मागच्यासारखं हसं झालं तर पेटी माझी. मी लगेच कबूल झालो. आत्मविश्वास असलेल्या माणसाने अटींना भ्यायचं नसतं.

एक गोष्ट फक्त इथेच लिहितो. मंगलने माझा एकही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिलेला नाही. गाईच्या धारेची वेळ झाली म्हणून दर वेळी मधूनच उठते. यंदा तिने शेवट पाहावा असं मला फार वाटतं. तिला सांगणार नाही.

२५ मार्च, मंगळवार

वाक्य क्र. १: 'थँक्यू, थँक्यू, गुड नाइट!' कार्यक्रम संध्याकाळचा आहे. बाद.

वाक्य क्र. २: 'तो मेहरबान, खेल खतम!' हिंदीत म्हटलं की माझा आवाज आपोआप बाजारात चादरी विकणाऱ्यासारखा होतो. बाद.

वाक्य क्र. ३: 'जे दिसतं ते नसतं, जे नसतं ते दिसतं.' हे जमलं. गिरणी चालू असताना दळणाला आलेल्या बायडाबाईसमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. ती कितीतरी वेळ विचारात पडली. मग जवळ येऊन कानाशी ओरडली की भगवंता, बाजरी जाडसर नको काढू, आमच्या म्हाताऱ्याला दात नायती.

गिरणीत ट्रायल घेण्यात अर्थ नाही.

२८ मार्च, शुक्रवार

उद्यापासून तुऱ्याबरोबर रोज एक तास प्रॅक्टिस. पहाटे. काहीही झालं तरी.

२९ मार्च, शनिवार

गुढीपाडव्याची दळणं. प्रॅक्टिस झाली नाही. माझा दोष नाही.

३१ मार्च, सोमवार

आज तुऱ्याला पेटीत बसवलं. मोठा शोध लागला. पेटीत अंधार झाला की त्याला रात्र झालीसं वाटतं आणि तो गप्प बसून राहतो. खटका दाबला की अलगद चोरकप्प्यात जातो. अर्धी जादू तयार!

उरलेली अर्धी म्हणजे त्याला परत वर आणणं. खटका उलटा फिरत नाही, अडकतो. तेल घालायला हवं. पण ते मेकॅनिकल काम झालं, कलेचा भाग नव्हे.

१ एप्रिल, मंगळवार

आज आयुष्याला वळण मिळालं.

वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला घाटावर गेलो होतो. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. इकडे भाषणं करणारे ढीगभर असतात, निम्मे लोक तोवर मोबाइल काढतात. पण शेवटी सयाजीआबा उभे राहिले. पाचसहा गावांत कोणाचाही दहावा असो, आबांशिवाय उरकत नाही. गेलेला माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. आबांनी शेवटचं वाक्य टाकलं, हात जोडले, मान खाली घातली, आणि अख्खा घाट चिडीचूप. माझ्या शेजारच्याने तोंडातला विडासुद्धा चावायचा थांबवला.

मनात म्हटलं, हे पाहिजे. दोरी जुळो न जुळो, असा शेवट आला की जिंकलं.

चहाला आबांना गाठलं. म्हटलं, मला कार्यक्रमासाठी एक जोरदार शेवटचं वाक्य द्या, काहीतरी नाहीसं होतं अशा अर्थाचं. कोंबड्याचं सांगितलं नाही, गुपित फुटलं असतं. आबांनी क्षणभरही विचार केला नाही, लगेच दिलं:

'मंडळी, तो आज आपल्या नजरेआड झाला. पण आपल्या मनातून तो कधीच जाणार नाही.'

वर म्हणाले, भगवंतराव, तीस वर्सं वापरतोय, एकदा बी वाया गेलं नाय. दमानं म्हणा. मग हात जोडा, मान खाली, आणि थांबा. थांबण्यातच सगळं हाय.

वाक्य जणू तुऱ्यासाठीच जन्मलेलं.

२ एप्रिल, बुधवार

पडवीत वाक्य म्हणून पाहिलं. मंगल स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन धावत आली आणि विचारलं, कोण गेलं?

समजावलं की हे जादूच्या शेवटी म्हणायचं आहे. म्हणाली, अहो, हे दहाव्याचं वाटतंय. मंगल गुणी आहे, पण साहित्याची जाण हा वेगळा प्रांत.

७ एप्रिल, सोमवार

महत्त्वाचा निर्णय. 'तो नजरेआड झाला' असं म्हटल्यावर लगेच तुऱ्याला परत आणणं म्हणजे एवढ्या चांगल्या वाक्यावर पाणी ओतणं. म्हणून कोंबडा परत आणायचाच नाही. वाक्य झालं की कार्यक्रम संपला. खटक्याला तेल घालायचीही गरज उरली नाही. चांगल्या वाक्याने किती कष्ट वाचतात!

बाकीची प्रॅक्टिस आरशासमोर. मान किती खाली घालायची यावर बराच वेळ गेला.

१४ एप्रिल, सोमवार

मंगलने मला न विचारता चोरकप्प्याला गिरमिटाने भोकं पाडली. जाब विचारला तर म्हणाली, मुका जीव हाय, आत गुदमरंल. आणि पुढंमागं खुराडं झालं तर वारा नको का? तिने पेटी मनातून आधीच घेतलेली दिसते. हा माझ्या कलेवरचा अविश्वास आहे. दुखावलो.

भोकांतून उजेड आत जाणार. आतून काळं कापड लावायला हवं. उद्या.

१७ एप्रिल, गुरुवार

फ्लेक्स लागला. मुख्य फोटो पुढाऱ्यांचे, माझा खाली कोपऱ्यात, स्टँपएवढा. पण माझ्या फोटोला फेटा आहे.

पप्पूला लाइटचं समजावलं. पूर्ण कार्यक्रमात स्टेज अंधारं ठेवायचं, रहस्य वाटलं पाहिजे. फक्त शेवटच्या वाक्याला मोठा हॅलोजन थेट माझ्यावर. लोकांना चेहऱ्यावरचे भाव दिसायला हवेत. पप्पू म्हणाला, काका, माइक बी मीच सांभाळतो, मधी काय बोलायचं असंल तर सांगा. मी म्हटलं, तू काही बोलू नकोस, शेवट माझा आहे. हा पोरगा दहाव्यांनाही साउंड लावतो, सवयीने मध्ये तोंड घालतो.

काळं कापड: उद्या नक्की.

१९ एप्रिल, शनिवार

पाव्हणे यायला लागले. घरात पाय ठेवायला जागा नाही. दळण, दळण, दळण. कापड उद्या सकाळी लावतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वाक्य झोपेतही म्हणतोय, असं मंगल म्हणाली. चेहरा त्रासलेला होता.

२० एप्रिल, रविवार, दुपारी

पाव्हण्यांच्या मटणाच्या जेवणात सकाळ गेली. आता फेटा बांधायचा आहे. कापड राहिलं. पण खरं सांगायचं तर चार भोकांनी काय होणार? मंगलला सांगितलं की धार शेजारच्यांना काढू दे, तू शेवटपर्यंत बस. बघते म्हणाली.

छातीत धडधडतंय. भीती नव्हे. उत्साह.

२१ एप्रिल, सोमवार

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सुरुवात उत्तम. रुमाल, पत्ते, सगळं साधारण जमलं. मध्ये दोन वेळा कार्यक्रम थांबवून पाव्हण्यांचे टॉवेल-टोपी-नारळ सत्कार झाले, त्याला इलाज नाही. मग पेटी. तुऱ्याला लोकांना दाखवला, आत ठेवला, खटका दाबला, झाकण उघडलं. रिकामी! पुढच्या बायकांतून 'अगं बया' असा आवाज आला. हा आवाज मी जन्मभर विसरणार नाही. मंगल तिथेच होती. उठली नव्हती.

मी पुढे आलो. पप्पूने हॅलोजन टाकला. दमाने म्हणालो, 'मंडळी, तो आज आपल्या नजरेआड झाला. पण आपल्या मनातून तो कधीच जाणार नाही.' हात जोडले. मान खाली. थांबलो.

आणि पप्पूच्या तोंडून माइकवर निघून गेलं, 'सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून...'

त्याचंही वाक्य पूर्ण झालं नाही. त्याआधीच सगळं पटांगण उठलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, सरपंच सोफ्यावरून उभे राहिले. सगळ्यांच्या माना खाली, हात जोडलेले. आइस्क्रीमवाल्याने घंटा हातात धरली. डिंगोऱ्यात आजवर एकाही कलाकारासाठी सबंध गाव उभं राहिलेलं नाही, याची नोंद व्हावी. मी तिरक्या नजरेने पाहिलं. मंगलही उभी होती, हात जोडून.

हॅलोजनचा उजेड मात्र माझ्यावर कमी आणि पेटीवर जास्त पडला होता. भोकांमधून आत गेला असावा. तुऱ्याला वाटलं, दिवस उगवला.

एवढ्या शांततेत कोंबडा आरवला की केवढा मोठा वाटतो याची मला कल्पना नव्हती. तेही टेबलावरच्या रिकाम्या पेटीच्या तळातून.

क्षणभर कोणीच हललं नाही. मग तो दुसऱ्यांदा आरवला आणि बायडाबाई मोठ्याने म्हणाली, अगं बाई, उठला की!

पुढचं लिहवत नाही. माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. सरपंचांनी डोळे पुसले. लोकनाट्यवाले पडद्याआडून बाहेर आले. मी स्टेजवर हात जोडून तसाच उभा, कारण आबांनी थांबायला सांगितलं होतं.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. फेटा तिथेच सोडून मागच्या बाजूने घरी आलो. येताना मंगल दिसली. पदर तोंडाला लावून रडत होती, खांदे हलत होते. माझ्यासाठी ती एवढी रडेल असं वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार

शांतपणे विचार केला. वाक्य चुकलं नाही. कोंबडा चुकला.

२४ एप्रिल, गुरुवार

सयाजीआबा गिरणीवर आले. दळण नव्हतं. काल शेजारच्या गावात दहावा होता, आबांनी नेहमीप्रमाणे 'तो आज आपल्या नजरेआड झाला' एवढंच म्हटलं आणि मागच्या रांगेतले लोक टेबलाखाली वाकून बघायला लागले. एकाला तर हसू आवरेना, तो नदीत तोंड धुवायला गेला. गेलेल्याच्या जावयानेही ओठ दाबून धरले होते. आबा म्हणाले, भगवंता, तीस वर्सांचं वाक्य व्हतं माझं, येका कोंबड्यापायी बाद केलंस. आता नवीन तूच दे.

मी 'जे दिसतं ते नसतं' दिलं. आबांनी टोपी झटकली, पुन्हा घातली आणि चहाही न घेता गेले. बहुतेक पसंत पडलं.

२७ एप्रिल, रविवार

शब्द दिला होता, पाळला. पेटी मागच्या दारी नेली. मंगलने वर पत्रा टाकला, आत भुसा पसरला. भोकं अगदी योग्य उंचीवर आहेत असं शेजारणीने कौतुक केलं. तुऱ्या आणि तीन कोंबड्या संध्याकाळी आपणहून आत जाऊन बसल्या. त्यांना खटका वगैरे लागला नाही.

मी पायरीवर बसलो होतो. मंगल बादली घेऊन आली, पण गोठ्याकडे न जाता शेजारी बसली. म्हणाली, लग्न झाल्यापासून एवढी हसले नव्हते. त्या दिवशी पोट दुखायला लागलं, डोळ्यातनं पाणी थांबंना.

म्हणजे ते रडणं नव्हतं तर.

मग म्हणाली, शिनोलीला फोन केला होता. पुढच्या साली माहेरच्या यात्रेत तुमचा कार्यक्रम ठेवायला सांगितलाय. भाऊ हो म्हणाला. पेटी तेवढ्यापुरती धुऊन देईन. पण तुमी जादू नाय केली तरी चालंल. नुसतं ते शेवटचं म्हणा, आणि कोंबडा न्या.

मी मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं की शेवटचं वाक्यच महत्त्वाचं.

म्हणाली, आत्ता म्हणून दाखवा की.

उठलो. पेटीसमोर उभा राहिलो. दमाने सुरुवात केली, 'मंडळी, तो आज आपल्या...' आणि तुऱ्या आतून आरवला. नजरेआडपर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही. शिनोलीच्या आधी त्याच्या टायमिंगवर काम करावं लागेल. उद्यापासून रोज एक तास.

गोठ्यात गाय हंबरत होती. धारेची वेळ केव्हाच टळून गेली होती. मंगल पायरीवर पोट धरून बसली होती, उठली नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.