उजवा मागचा सड

मु. धाड. सोमवार, मार्ग. शु. ३
सौ. बाहेरची. चार दिवस चंद्री गाईचं दूध मी काढायचं. ओसरीच्या कोपऱ्यातून हुकूम चालू: "मुठीनं पिळा! अंगठा मोडू नोका! शेवटच्या थेंबाबिगर उठू नोका!" अवं बाई, वीस वर्षं मास्तरकी केली, मले शिकवते! शाळेची वेळ झाली, अर्धं काढून उठलो. बाकीचं वासरू पीन. तेवढंच पुण्य.

बुधवार, शु. ५
चंद्रीनं लाथ घातली. तांब्या अंगणात, मी शेणात. उजवा मागचा सड (पुढं उ.मा.स.) गरम, वरची कास टणक, दुधात दह्यासारख्या गाठी. गाय सौ.च्या मायनं आंदण दिलेली. माय आता नाही. सड कायमचा गेला तर हिले काय तोंड दाखवू?

म्हटलं, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. ठसका लागला तर नजर नाही, असा नेम. म्हणून खोकला दाबून उभा राह्यलो. डोळ्यात पाणी, कान लाल. "पाह्य, ठसका नाई! नजरच!" तेवढ्यात चंद्री खोकलली.

सौ. म्हणे, "खरं बोलाले गायच राह्यली घरात."

गुरुवार, शु. ६
शेजारच्या आमीनाचाचीले बोलावलं. तिच्या दारी तीन म्हशी, ढोरांतलं सारं समजते. कास चाचपून म्हणे, "दगडी झाली मास्तरसाब. नजर कायची? दूध अंदर राह्यलं. घाईत कोन उठलं?" मी आढ्याकडं पाह्यलं. मग तिले सडावरचा ओरखडा दिसला, अन् मंग माहा अंगठा. "या अल्ला, नाखून तं पाहा!"

दर सोमवारी पोरायची नखं तपासून छड्या मारतो मी. लाज वाटली.

उपाय: हात धुऊन, तो सड सर्वांत शेवटी, दिवसातून पाच-सहा खेपा पुरा पिळायचा. ते दूध वासराले नाही, चहाले नाही. वरून कोरफड, हळद, चिमूटभर चुना. गाठी दिसाव्या म्हणून पहिली धार शाळेच्या काळ्या पाटीवर. बारा गाठी.

शुक्रवार, शु. ७
सौ. न्हाली अन् थेट गोठ्यात. सारं कबूल केलं. नख, घाई, दाबलेला खोकला बी. दिवसभर मले तांब्याले हात लावू दिला नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. संध्याकाळी चंद्रीच्या गळ्याशी लागून रडली. "माह्या मायची एवढीच तं निशानी हाय." मलेही राहवलं नाही.

नखं कापली. घाईत अंगठ्याले रक्त.

मंगळवार, शु. ११
सूज उतरली. गाठी पाच. पाटी चुकून शाळेत गेली, नेमके डिप्टीसाहेब तपासणीले आले. वास घेऊन म्हणे, "मास्तर, हे काय?" म्हटलं, सर, प्रगती.

शुक्रवार, व. १३
उ.मा.स. अजून आखडलेला, धार बारीक. पाटीवर आज एक गाठ. चाची म्हणते, भरोसा नाही, पुढं व्याली की त्या वेतालेच कळन.

सौ.चे बाहेर बसायचे दिवस जवळ आले. विचारलं, "दूध काढाले चाचीले सांगू का?"

म्हणे, "हात दाखवा."

पोरायसारखे दोन्ही पंजे पुढं केले. तिनं एक-एक बोट उलटून पाह्यलं. अंगठ्यापाशी थांबली.

"तुमीच काढा. पन म्या कोपऱ्यातून बोलन, ते आयकाचं."