दहा बार आणि उसनी जीभ

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.

ताप उतरून सोळा दिवस झाले. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्यात. महिन्यात येईल, वर्षात येईल, कदाचित येणारही नाही. डॉक्टर लोक तीन उत्तरं देतात, आपण पहिलं धरायचं. घरी सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच नाही. ज्याचा ‘तिखटमीठ’ हा रविवारचा कॉलम चौदा वर्षं लोक कापून ठेवतात, त्याने जीभ गेली म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज संपादकांनी बोलावलं. तेवीस तारखेच्या पुरवणीचं मुख्य पान माझं. शहरातले दहा उत्तम बार, पिण्यासाठी आणि खाण्यासाठी. मजकूर एकवीसला हातात हवा. जाता जाता हेही म्हणाले की मालक कॉलम कमी करतायत, तुमचा राहणार की जाणार ते या पानावर ठरेल. म्हटलं, डाव्या हातचा मळ आहे.

संकल्प: रोज एक बार. चव डोळ्यांनी घ्यायची. अनुभवी माणसाला जीभ लागतेच असं नाही.

५ मार्च, बुधवार.

सुरुवात झकास. नवा बार, उंच स्टुलं, दिवे इतके मंद की मेनू मोबाईलच्या उजेडात वाचला. बरोबर आमचा फोटोग्राफर. ड्रिंक थंड होतं, एवढं नक्की. वहीत लिहिलं, ‘संयमित’. तळलेला मासा कुरकुरीत होता, हे कानांनी कळलं. मासा ऐकूनही लिहिता येतो, हे आजवर कोणाला सुचलं नसेल.

शेवटी काचेच्या वाटीत कोमट, पारदर्शक सूप आलं. वर लिंबाची चकती. संपवलं. फोटोग्राफर माझ्याकडे बघतच राहिला. बिचाऱ्याला भारी ठिकाणांची सवय नाही.

९ मार्च, रविवार.

कॉलम छापून आला. सुपाबद्दलची ओळ मला स्वतःलाच आवडली: ‘धाडसी साधेपणा. लिंबाची हलकी झाक, आणि पुढे काहीही सिद्ध करण्याचा हट्ट नाही.’

बायको म्हणाली, छान. सासूबाईंनी मात्र दोनदा वाचलं. त्या आमच्याकडेच असतात. बेचाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, अजून पेपर लाल पेन घेऊन वाचतात. विचारलं, हे सूप जेवणाआधी देतात की नंतर? म्हटलं, नंतर. त्या नुसत्या ‘असं’ म्हणाल्या. मग आपण होऊन माझ्यासाठी चहा करून आणला. मी घोट घेऊन म्हटलं, वा, फक्कड. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुकाची सवय नाही त्यांना.

११ मार्च, मंगळवार.

लिफ्टमध्ये फोटोग्राफरने सांगितलं की ती वाटी बोटं धुवायची होती.

म्हटलं, माहीत आहे, तो उपहास होता. तो मान हलवत दुसऱ्याच मजल्यावर उतरला, त्याला चौथ्यावर जायचं असून.

दुपारी त्या बारच्या मालकाचा फोन. फोन कानापासून जरा लांब धरला. पण भलतंच निघालं. रविवारपासून लोक येऊन ते सूप मागतायत, त्याने मेनूवर घातलंय, मी कधीही यावं, सूप त्याच्यातर्फे. म्हणजे चूक नाहीच ही, शोध आहे! इतका मोठा शोध लागल्यावर माणसाला घास गिळता यावा की नाही? मला गिळता आला नाही.

आतापर्यंत चार बार झाले. वही काढून पाहिली. चारही ‘संयमित’.

१३ मार्च, गुरुवार.

रजा टाकली. घरी कोणी नाही असं समजून नाकाचा सराव करायचं ठरवलं. स्वयंपाकघरात डोळ्यांना टॉवेल बांधला आणि एकेक बरणी नाकाशी धरली. कॉफी, लवंग, व्हिनेगर, शेवटी फरशी पुसायचं औषध. सगळं एकच. हवा. खुंटीवर बायकोची ओढणी होती, ती तोंडावर दाबून धरली. एकवीस वर्षं ज्या वासाच्या शेजारी झोपलो, तोही नाही. खाली बसून रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

मग म्हटलं, चहा घेऊ. काडेपेटी घेतली, काडी काढली.

“काडी खाली ठेवा.”

दारात सासूबाई. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. काडी आपोआप खाली गेली. सकाळी मीच तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू होता. किती वेळ, देव जाणे. त्यांनी कॉक बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून गच्चीत नेऊन उभं केलं.

तिथे त्यांनी सांगितलं की रविवारच्या चहात दोन चमचे मीठ होतं. कधीपासून, म्हणून विचारलं. म्हटलं, सव्वीस दिवस. मग सगळंच सांगून टाकलं. यादी, एकवीस तारीख, कॉलम जाणार ते. त्यांनी ऐकून घेतलं. आत जाऊन स्टीलचा एक चमचा धुतला, पुसला आणि पर्समध्ये टाकला. म्हणाल्या, उद्या चार वाजता तयार राहा.

संध्याकाळी बायकोला त्यांनीच सांगितलं. ती नाकाबद्दल एक शब्द बोलली नाही. काडीबद्दल तासभर बोलली.

१४ मार्च, शुक्रवार.

चार वाजता सासूबाईंसह बारमध्ये. वेटरला वाटलं, त्या मला घरी न्यायला आल्यात. त्याने न मागता बिल आणलं.

त्या आयुष्यात पहिल्यांदा बारमध्ये शिरल्या, पण बसल्या अशा की तपासणीला आल्यात. प्रत्येक ग्लासातून आपल्या चमच्याने एक चमचा. औषधाला चालतो तेवढाच, म्हणाल्या. मग वेटरला विचारलं, बर्फाच्या शेजारी चिरलेला कांदा ठेवता का? तो आत जाऊन आला. ठेवत होते. बटाटे आले. या तेलाची तिसरी वेळ, म्हणाल्या. आतून स्वयंपाकी बघायला बाहेर आला की कोण बाई आहे ही.

दहापैकी साडेतीन. नापास. आधीचे चारही बार यादीतून काढायला लावले, म्हणाल्या, कॉपी करून पास झालेल्यांना मी धरत नाही.

निरीक्षणं तशी माझ्याही मनात होती. शब्द त्यांचे.

१७ मार्च, सोमवार.

शनिवार, रविवार आणि आज मिळून बारा ठिकाणं, त्यांतली नऊ पास. सासूबाई माझ्या हाताखाली चांगल्या तयार होतायत. त्या सांगतात, मी लिहितो. एके ठिकाणी मी जरा साहित्यिक हात फिरवून ‘संयमित’ घातलं. लाल पेनाने काट मारली. फिकं असेल तर फिकं लिहा, म्हणाल्या, घाबरता कशाला?

आज सातव्या चमच्यानंतर त्यांनी बारमनला सतराचा पाढा विचारला. त्याने घडाघडा म्हटला आणि वर आपण होऊन अठराचाही. त्याला नऊ दिले. मी म्हटलं, आई, गुण दारूला द्यायचेत. त्यावर त्यांचं म्हणणं, ज्याचं माप चुकत नाही त्याची दारूही चुकत नाही. चूक काढायला जागा नव्हती, तरी मी वाद घातला. कॉलम माझा आहे.

१९ मार्च, बुधवार.

दहावा. गॅरेजांच्या रांगेमागे, सहा टेबलं, पाटीचा दिवा अर्धा गेलेला. मालकीणबाई स्वतःच मासा भाजते, स्वतःच आणून देते आणि कसा झालाय हे विचारायला थांबत नाही.

सासूबाईंनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मी वही उघडून बसलो होतो. मग वही मिटली. का मिटली, कोण जाणे. समोर माझ्याही बशीत तोच मासा होता. गरम आणि मऊ, बास, याहून जास्त मला काही कळत नव्हतं.

“आई, लेखासाठी नाही. मला सांगा. कसा लागतो?”

त्यांनी पावाचा तुकडा मोडला.

“काही विशेष नाही. तुमचं फार काही गेलेलं नाही हो.”

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बोलता बोलता त्यांनी बशी पावाने पुसून लख्ख केली, मग माझ्यातला उरलेलाही संपवला. सकाळपासून उपाशी असाव्यात.

गुण विचारले तर म्हणाल्या, या एकाचं मी माझ्या हाताने लिहीन. पाकीट बंद करून दिलं. म्हटलं, असू दे, बाईंना हौस आलीय.

२१ मार्च, शुक्रवार.

मजकूर दिला. संपादक नऊ बार वाचून खदाखदा हसले, दोन परिच्छेद शेजारच्या टेबलाला मोठ्याने वाचून दाखवले. पाकीट फोडून मात्र मनातल्या मनात वाचलं. मग दार लावून घेतलं आणि बसा म्हणाले.

सुपापासून त्यांना ठाऊक होतं. चमचेवाल्या बाईंची खबर बारवाल्यांकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि परवाच त्यांनी सासूबाईंना फोन केला होता. ‘तिखटमीठ’ बंद. पुढच्या महिन्यापासून नवा कॉलम, ‘सासूबाईंचा चमचा’. सासूबाईंची एकच अट: लिहून घ्यायला जावई हवेत, परक्या माणसाचं अक्षर मला लागत नाही. माझं अक्षर गेल्या महिन्यापर्यंत त्यांना कोंबडीचे पाय वाटत होतं.

म्हणजे नोकरी आहे. थोडक्यात बढतीच म्हणायची, हाताखाली एक अनुभवी माणूस मिळाला. मी हे संपादकांनाही बोलून दाखवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नसता ठेवला तर बरं झालं असतं. नंतर जिन्यात अर्धा तास बसून होतो. चौदा वर्षं.

२३ मार्च, रविवार. सकाळ.

पुरवणी आली. बायकोने आधी वाचली आणि माझ्यासमोर ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पहिल्या क्रमांकावर तो गॅरेजामागचा बार. खाली सासूबाईंचा मजकूर, जसाच्या तसा:

‘मासा, लोणी, मीठ, मिरी. कातडी करपायच्या एक क्षण आधी काढलेली, आत मासा गोड, आणि गिळल्यानंतर धुराचा वास हळूच नाकात येतो, तो घरी पोचेपर्यंत जात नाही. बेचाळीस वर्षांत मी कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. इथे देते. जावयांनी विचारलं, कसा लागतो. मी त्यांच्याशी खोटं बोलले. त्यांनी राग मानू नये.’

दोनदा वाचलं. ‘धुराचा वास हळूच नाकात येतो’ तिसऱ्यांदा वाचलं. डोळे मिटून पाहिलं, आला नाही.

सासूबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवला, पण गेल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. विचारलं, साखर की मीठ? साखर, म्हणाल्या.

प्यायलो. गोड असावा.