रिमोट, टीव्ही आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, सकाळी सात
टीव्ही रिमोटचं ऐकत नाही. दहादा दाबावं तेव्हा एकदा. आवाज वाढतो, कमी होत नाही. ही म्हणते, मेकॅनिकला बोलवा. म्हटलं, बावीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीन सांभाळतोय, हे खेळणं मला जमणार नाही? संकल्प : रविवारपर्यंत टीव्ही दुरुस्त. शांत डोक्याने. मी मुळातच शांत आहे.

४ मार्च
नवे सेल घातले. काही नाही. काढून पँटवर घासले, पुन्हा घातले. काही नाही. पडद्यापासून वीतभर अंतरावर उभं राहिलं तर चालतो. म्हणजे चालतो म्हणायला हरकत नाही. ही म्हणाली, मग काय सिनेमा तिथे नाक लावून बघायचा? रिमोट तळहातावर हलकेच आपटला. मग टेबलावर. मग भिंतीवर. पोपडा निघाला. या घराचं प्लास्टर पहिल्यापासून कच्चं.

६ मार्च
लेकीने मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा दिवा बघायला शिकवलं. बटण दाबलं की कॅमेऱ्यात तो जांभळा पेटलेला दिसतो. दिसला. म्हणजे रिमोट ठीक, दोष टीव्हीचा. अकरा वर्षांची पोर, पण डोकं माझ्यावर गेलंय.
दोन दिवस रिमोटला उगाच बडवलं. आता टीव्हीला मारणं ओघानेच आलं. कानशिलात द्यावी तशी बाजूला एक ठेवून दिली. चॅनेल बदललं! मशीनला माझ्या हाताची भाषा कळते. आणखी सहा दिल्या. पडद्यावर उभी रेघ आली. बारीक आहे. सवय होईल. लेक कधी उठून आत गेली, कळलं नाही. अभ्यास असेल.

८ मार्च, रविवार
हिने मला न विचारता मेकॅनिक बोलावला. काडीपैलवान. त्याने टीव्हीच्या खालच्या कडेला इवलीशी काळी काच दाखवली. रिमोटचा इशारा म्हणे तिथून आत जातो. आतला सेन्सर ढिला झालाय, पंधरा मिनिटांचं काम. मग रेघ बघितली. कुणी मारलं का, विचारलं. म्हटलं, छे! लेक म्हणाली, बाबांनी मारलं.
मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मेकॅनिक टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, साहेब, हे टीव्हीपुरतंच आहे ना?
कॉलर धरून चपलांच्या रॅकवर फेकला त्याला. रॅक मोडला. काडीपैलवान उठला आणि त्याने एकच ठोसा दिला. नाक माझं. नशिबाने लागला, नाहीतर असा नेम त्याला कुठला बसायला. सेन्सर राहिला तो राहिलाच.

१० मार्च
नाक टोमॅटोसारखं. कारखान्यात सांगितलं, दार लागलं.
संध्याकाळी टीव्हीचा आवाज आपोआप चढत शंभरावर गेला. बटण दाबून दाबून अंगठा सुजला. ही म्हणाली, प्लग काढा. तेवढं मलाही सुचलं असतं. पण वाट न बघता तीच प्लग काढायला वाकली. रिमोट मी हिच्यावर फेकला नाही. टीव्हीवर फेकला. ही मध्ये होती.
भुवईवर तीन टाके. डोक्याला लागलं की रक्त फार दिसतं, जखम लहानच. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर थांबायला सांगून दार लावून घेतलं. तीन टाक्यांना पाऊण तास? हात सावकाश असेल.
घरी आल्यावर टीव्हीचा हिशेब केला. हातोडीने.

११ मार्च
उजव्या हातात काच घुसली. डाव्याने लिहितोय. ही लेकीला घेऊन बहिणीकडे गेली. दप्तर, गणवेश, स्वेटरसुद्धा नेले. दोन दिवसांसाठी एवढं सामान! हिला बॅग भरायचं कधी जमलंच नाही.

१४ मार्च
फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, ताई बोलणार नाही. लेकीला मागितलं. ती आली. विचारलं, कधी येताय? ती म्हणाली, बाबा, तुम्ही आत्ता रागात आहात का? म्हटलं, मी कधी रागावतो? मग फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.
नवा टीव्ही मागवला. सगळ्यात मोठा. मूळ भांडण टीव्हीचं. तो आला की दोघी येतील.

१८ मार्च, दुपारी
टीव्ही आला. खोक्यातच आहे. बसवणारा म्हणाला, एवढा मोठा एकट्याला भिंतीवर चढवता येत नाही, दुसऱ्या बाजूने धरायला कुणीतरी हवं. म्हटलं, मी आहे की. त्याने माझ्या पट्टीतल्या हाताकडे बघून मान हलवली. घरात आणखी कुणी नाही का, विचारलं.
म्हटलं, आहेत ना. येतील.
कधी, म्हणाला. त्याला पुढे दोन घरं करायची होती.
दारापर्यंत सोडायला गेलो.