नवऱ्याला सूट, नवरीला शीव

८ मे, गुरुवार

म्हणे देशाचं काम! देशाचं काम आहे हे हळद लावायच्या आधी कळत नव्हतं का? काल सकाळी टीव्हीवर दिसलं, आपण सरहद्दीपलीकडं आत शिरून मारा केला. तेव्हाच मी सोनईला नवऱ्यामुलाच्या घरी फोन लावला. व्याही, म्हणलं, नवरदेव फौजेत आहे, मार खाल्लेला माणूस गप बसत नसतो, हळद थांबवा. तर व्याही काय म्हणाले — "विहीणबाई, तुमी घाबरू नका. एका दणक्यात गार पडलेत ते. आता वर्षभर डोकं वर काढत न्हाईत."

बसा आता!

सकाळी तिकडं करणला हळद लागली, त्याची उष्टी हळद इकडं आली, माझ्या सृष्टीला लागली. दुपारी करणला फोन — सुट्टी रद्द, निघा. कानामागची हळद धुवायला सुद्धा वेळ मिळाला नाही पोराला. नगरहून गाडी धरून जम्मूकडं गेला.

उद्या लग्न होतं. आचाऱ्यानं बुंदी पाडून ठेवलीय.

९ मे, शुक्रवार

व्याही आले. मला वाटलं धीर द्यायला. हुकूम घेऊन आले!

"हळद लागलेली पोर हाय. करण येऊन अक्षता पडंस्तवर गावाची शीव ओलांडायची न्हाई. आपल्यात चालत न्हाई."

म्हणलं, सृष्टीला एकोणीस तारखेला कोपरगावच्या दवाखान्यात हजर व्हायचंय. नर्सची जागा आहे, नाही गेली तर दुसरी पोरगी बसणार तिथं. तीन वर्षं घासलीत तिनं. अन् हळद तर करणलाबी लागली. तो किती शिवा ओलांडून गेला?

"त्यो देशाच्या कामाला गेलाय. त्याला सूट."

वा! तोफगोळा दोन देशांची शीव ओलांडतो, त्याला कुणी विचारत नाही. माझ्या पोरीनं शिवेवरच्या ओढ्यापलीकडं पाय टाकला की कुलदैवत कोपतं.

आमचे मालक? मान हलवत होते. कुणाच्या बाजूनं ते त्यांनाच माहीत.

१० मे, शनिवार

व्याह्यांनी मुक्काम ठोकलाय. गावाला काय, करमणूक झाली. मारुतीच्या पारापुढं काठीनं मातीत नकाशा काढलाय. "हिकडून दाबायचं, तिकडून पाणी तोडायचं, चार दिवसात खेळ खलास." म्हणलं, दुसऱ्याचं पाणी मग तोडा, आधी आपल्या नळाला सोडा. हसले सगळे. व्याही नाही हसले.

चहा द्यायला पुढं गेले तर ओरडलेच — "अहो विहीणबाई, बघून! कराची मोडली!"

मोडली तर मोडली. फुकट मोडली. माझ्या चपलेचं सैन्यानं कौतुक करावं.

संध्याकाळी बातमी आली, मारामारी थांबली. मी देवापुढं साखर ठेवली. व्याह्यांचं तोंड उतरलं. "थांबलं? एवढ्यात? आता कुठं रंगात आलं हुतं!"

मला राहवलं नाही. व्याही, तुमचाच पोरगा आहे ना हो तिथं?

"त्याला काय हुतंय," म्हणाले. पण बशीतला चहा धोतरावर सांडला, तो पुसायचं सुद्धा सुचलं नाही.

११ मे

करणचा फोन बंद.

१३ मे, मंगळवार

आज फोन आला! मिनिटभर. बरा आहे. सुट्टीचं विचारलं तर म्हणाला, "मामी, आता काय सांगू शकत न्हाई." परत बंद.

पारावर वाद — जिंकलं कोण? आपण म्हणतो आपण. तिकडं ते पेढे वाटतायत म्हणे. दोघंबी जिंकले! मग हरलं कोण? ज्याच्या दारात रिकामा मांडव आहे त्याला विचारा.

मालक आता शहाण्यासारखं बोलायला लागलेत. "इथून पुढं नियमच झालाय. त्यांनी खोडी काढली, की आपण आत घुसायचं." टाळ्या! म्हणलं, म्हणजे दर खोडीला करणची सुट्टी रद्द? ते खोड्या काढणार, तुम्ही घुसणार, अन् माझी पोर ओढ्याच्या अलीकडं म्हातारी होणार. हाच नियम ना?

जेवताना भाजी दोनदा मागून घेतली. वांगं खारट झालं होतं, तरी.

१५ मे, गुरुवार

मीच गेले सोनईला. व्याही ओट्यावर होते. म्हणलं, सरळ सांगा. उद्या सुट्टी पुढच्या वर्षी मिळाली, तर वर्षभर पोर कोंडून ठेवायची? मग तिला खायला तुम्ही घाला, अन् तिच्या जागी सुया टोचायला कोपरगावला तुम्ही जा.

आतून विहीण आली. ती कधी बोलत नाही. आज बोलली — "जाऊ द्या की पोरीला. एक पोर तिकडं लढाईवर गेलंय त्येवढं बास हाय माझ्या जिवाला."

व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग — "न्या. पण काय वाईट झालं तर मला बोलायचं न्हाई."

जिंकले! पारावर कळवा म्हणावं.

१७ मे, शनिवार

कोपरगावला खोली बघायला निघालो. सृष्टी गाडी चालवत होती, मी मागं. ओढ्यापाशी तिनं गाडी थांबवली. पाय टेकवून बसली. म्हणलं, चल की, आता कोण अडवतंय?

"आई, मी शिकलेय. हे सगळं खुळ्यासारखं हाय, कळतं मला. पण मी ओलांडली, अन् तिकडं त्याला काही झालं तर?"

वळव गाडी, म्हणाले मी. मीच!

गाडी वळवली.

आता करणच्या मोबाईलवर बोलून ठेवलंय. फोन बंद आहे, उघडेल तेव्हा ऐकेल — करण, तुझ्या बापाला मी वठणीवर आणलं, हिला आणता येत नाही. सोमवारी तिला हजर व्हायचंय. तू तुझ्या तोंडानं तिला म्हण, जा. उद्या दिवस मावळायच्या आत म्हण. मावळायच्या आत, ऐकलंस का!