तळ्यावर रिकाम्या हाताने

म्हसळा, आश्विन शुद्ध षष्ठी, दिवेलागण

मनगट अजून दुखते आहे. शेजारच्या गोदूकाकूंनी ते इतके घट्ट आवळले की बांगड्या फुटल्या. "असा जीव देऊ नको गो पोरी!" त्या ओरडत होत्या, आणि मी तळ्याच्या काठी नुसती पाणकोंबडीची पिल्ले पाहत उभी होते.

कंबरेवर कळशी नाही, हातात धुणे नाही. मग बाईमाणूस तळ्यावर कशाला येईल? जीव द्यायलाच! दुसरे काही कुणाला सुचूच नये? मी खरे सांगितले, तर धुणे धुणाऱ्या बायका खिदळल्या. "पाखरां बघायला? आमच्या परड्यात ये वैनी, कोंबड्या मोप हायेत!"

घरी आल्यावर हे माझ्यावरच संतापले. "चारचौघांत माझी शोभा केलीस. यापुढे जायचं तर कळशी घेऊन जा. निदान कारण तरी दिसेल."

म्हणजे पाणी नको असताना पाणी भरायचे. हे स्वतः रोज काठी फिरवीत त्याच तळ्याला फेरी घालतात. त्यांच्या हातात कळशी कोणी पाहिली? त्यांना कोणी ओढत घरी आणले? चाळिशी उलटली माझी, तरी नुसते चालायला कारण दाखवायचे?

मी 'बरे' म्हटले नाही. उद्या जाणार, तशीच, हात हलवीत. गोदूकाकूंना मात्र आधी त्यांच्या दारात जाऊन सांगेन. माझा हात धरून घरापर्यंत आल्या, तेव्हा त्या खरोखरच रडत होत्या.